कुंडीतील पट्टेरी गवत : थोड्या पाण्यातील शोभा

सोलापूर जिल्हा हा राज्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. पाऊस बेभरवशाचा आणि मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर. अशा ठिकाणी कार्यालयापुढे वा शाळेपुढे हिरवळ राखणे सहसा परवडणारे नसते. १०० चौरस मीटर हिरवळीस दररोज अवघे ५ मिलिमीटर पाणी दिले तरी ५०० लिटर खर्ची पडते. त्याऐवजी सावलीच्या कडेला पट्टेरी गवताच्या वीस कुंड्या ठेवल्यास एरवी वीस-पंचवीस लिटरांत भागते.

निवड

सेंट ऑगस्टीन गवताचा पट्टेरी प्रकार या कामी सोयीचा आहे. त्याची रुंद, हिरवी पाने दुधी पट्ट्यांनी शोभतात. झाड बुटके राहते व धुमारे कुंडीच्या काठावरून खाली झुलतात. हे गवत मूळचे उष्ण किनारपट्टीचे असल्याने थोडेफार क्षारयुक्त पाणीही ते सोसते.

लागवड

जून-जुलै हा लागवडीचा उत्तम काळ. २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालून दोन भाग पोयटा, एक भाग वाळू व एक भाग कुजलेले शेणखत भरावे. नुसती काळी माती वापरू नये. ती पावसात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन-तीन पेरांचे तुकडे घेऊन किमान एक पेर मातीत जाईल असे लावावेत. पेरापासून मुळे फुटतात.

निगा

सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडील पडवी उत्तम. बोटाने चाचपून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. मात्र मे महिन्यात रोज पाहणी करावी. नत्रयुक्त खत बेताने द्यावे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी ठोंब विभागून नव्या मातीत लावावा.

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणून तो भाग अन्न तयार करू शकत नाही व उन्हाने आधी करपतो. एखादा धुमारा पूर्ण हिरवा निघाल्यास तो जोमाने वाढून पट्टेरी भागास दडपतो. असा धुमारा दिसताच मुळापासून काढावा. शिक्षकांना प्रकाशसंश्लेषणाचा पाठ शिकविण्यास याहून सोपे साधन क्वचितच मिळेल.

एक सावधगिरी

शोभेचे प्रत्येक गवत निरुपद्रवी नसते. तुरेदार फाउंटन गवताचे बी वाऱ्याबरोबर दूर जाते. हवाई बेटांत ते मोकळ्या रानात पसरून वणव्यांस कारण ठरले आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. तेथील माळरान पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या देशी गवतांवर उभे आहे. जनावरांचा चाराही त्याच गवतांचा. परके तुरेदार गवत तेथे शिरल्यास नुकसान माळाचे आणि पशुपालकाचे. म्हणून माळरानालगतच्या गावांनी असे गवत लावू नये. तुकड्यांनी वाढणारे पट्टेरी गवत कुंडीत आवरता येते. छाटलेले धुमारे मात्र ओढ्याकाठी न टाकता वाळवून खतात घालावेत.

एका ठोंबापासून वर्षभरात अनेक कुंड्या तयार होतात. ग्रामपंचायतीने प्रारंभी दोन-चार कुंड्या शाळेस दिल्या, तर पुढील रोपे विद्यार्थीच तयार करतील आणि खर्चाचा भार न पडता गावची कार्यालये शोभिवंत होतील.