कासवीची दृष्टी

रत्नागिरीच्या दक्षिणेस पावस हे गाव आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या वास्तव्यामुळे ते महाराष्ट्रास परिचित झाले. पावसहून पूर्णगडच्या वाटेने पुढे गेले, की मुचकुंदी नदीची खाडी लागते. ती ओलांडताच गावखडीचा किनारा दृष्टीस पडतो. एका बाजूस सुरूचे बन, दुसऱ्या बाजूस अथांग समुद्र आणि मध्ये वाळूचा लांबच लांब पट्टा! याच वाळूत समुद्र दर वर्षी आपली एक ठेव ठेवून जातो.

थंडीच्या दिवसांत, रात्रीच्या निवांत वेळी, ऑलिव्ह रिडले जातीची कासवी पाण्याबाहेर येते. वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने खड्डा बुजविते आणि समुद्रात निघून जाते. ती त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. अंडी उबविण्याचे काम उन्हाने तापलेली वाळूच करते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वर येतात आणि आईचे दर्शनही न घडता लाटांची वाट धरतात.

कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने वाढविते, अशी कल्पना संतवाङ्मयात आढळते. कल्पना गोड आहे; परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. कासवीने पाठ फिरविली, की तिची अंडी किनाऱ्याच्या स्वाधीन होतात. कोल्हा आणि कुत्रा ती उकरतात. परंतु त्यांचा खरा शत्रू ठरला तो मनुष्य. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवापुढे मस्तक नमवावे आणि जिवंत कासवाची अंडी मात्र उकरून विकावीत, असा प्रकार कोकणात पुष्कळ वर्षे चालला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये समुद्री कासवांना अभय मिळाले. पण अंधाऱ्या, निर्जन किनाऱ्यावर कायद्याचा डोळा कोठून पोहोचणार?

तो डोळा अखेर गावकऱ्यांनीच पुरविला. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळास गावी कासवांच्या रक्षणास आरंभ केला. पुढे वन विभागाच्या साहाय्याने हे कार्य किनाऱ्यावरील अनेक गावांत पसरले. गावखडी हे त्यांपैकीच एक. वाळूवरील माग ओळखण्याची जी विद्या पूर्वी अंडी काढण्यास उपयोगी पडे, तीच आता ती वाचविण्याच्या कामी येते. भल्या पहाटे कासवमित्र किनारा पालथा घालतो आणि घरटे सापडताच काही तासांच्या आत अंडी कुंपणाच्या जागी नेतो. विलंब झाला व अंडे उलटेपालटे झाले, तर आतील जीव दगावतो. म्हणून हात अतिशय हळुवार ठेवावा लागतो. नवा खड्डाही जुन्याइतकाच खोल असावा लागतो.

एवढे करूनही संकट संपत नाही. पिले समुद्रावरील मंद उजेडाच्या रोखाने चालतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असले, तर ती उलट दिशेस जातात. पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी कासवास जेलीफिशसारखी भासते व ते ती गिळते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता न आल्यास ते गुदमरून मरते. अशा प्राण्यास सोडविण्यासाठी स्वतःचे जाळे कापणाऱ्या मच्छीमारास भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केली. हातावर पोट असणाऱ्याने जाळ्यावर सुरी चालविणे, हा लहान त्याग नव्हे.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक कासवी २०२५ साली गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्वेचा समुद्र आणि पश्चिमेचा समुद्र हे भेद नकाशात आहेत. कासवीला ते ठाऊक नाहीत. एका किनाऱ्यावर टाकलेली घाण दुसऱ्या किनाऱ्याच्या पाहुण्याचा घास घेऊ शकते, तसेच एका गावाने राखलेली घरटी साऱ्या समुद्राच्या उपयोगी पडतात.

कासवी मागे वळून पाहत नाही. तिच्या पिलांवर दृष्टी ठेवण्याचे काम तिने जणू किनाऱ्यावरील माणसांवर सोपविले आहे. संतांची कल्पना खरी करून दाखविणे आता त्यांच्याच हाती आहे.