जीन ग्रेची गोष्ट दोनदा का फसली

एक्स-मेन कॉमिक्समधली सगळ्यात गाजलेली कथा म्हणजे डार्क फिनिक्सची. ख्रिस क्लेअरमॉण्ट आणि जॉन बर्न या जोडीने ती १९८० साली मार्व्हलच्या मासिक अंकांतून सांगितली. मोठ्या पडद्यावर ती दोनदा आली. २००६ मध्ये ‘एक्स-मेन : द लास्ट स्टँड’ आला आणि २०१९ मध्ये ‘डार्क फिनिक्स’. दोन्ही वेळा चाहते हिरमुसून बाहेर पडले आणि मी त्यांच्यातलीच एक. या कथेचे सगळे अंक एकत्र बांधलेला खंड मला कॉलेजात असताना मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला होता. तेव्हापासून कथेची नायिका जीन ग्रे मनातून गेलेली नाही. दोन्ही सिनेमांनंतर मित्रमैत्रिणींशी रात्र-रात्र वाद घातले, पुन्हा पुन्हा अंक काढून वाचले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. जीन आधी आपली व्हावी लागते.

जीन ग्रे पहिल्यांदा छापली गेली १९६३ मध्ये, एक्स-मेनच्या अगदी पहिल्या अंकात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी घडवलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी ती एकटी मुलगी. १९७६ मध्ये ती आपल्या साथीदारांना वाचवण्यासाठी सौर वादळातून अंतराळयान चालवत आणते आणि न्यूयॉर्कजवळच्या खाडीतून फिनिक्स होऊन वर येते. त्यानंतरही ती लगेच बिघडत नाही. सगळं विश्व वाचवते, घरी येते, आईवडिलांना भेटते, मैत्रिणीशी गप्पा मारते. प्रियकर स्कॉट, म्हणजेच सायक्लॉप्स, मेला असं समजून शोक करते. मास्टरमाइंड नावाचा भामटा तिच्या मनात हळूहळू खोटी स्वप्नं पेरतो. वाचक हे महिन्या-महिन्याने, वर्षानुवर्षं पाहत होता. म्हणून १९८० मध्ये ती कोसळली तेव्हा घरातलं माणूस हातचं गेल्यासारखं वाटलं.

सोफी टर्नरची जीन आपल्याला २०१६ च्या ‘अ‍ॅपोकॅलिप्स’मध्ये भेटली. त्या सिनेमात एवढी पात्रं होती की तिच्या वाट्याला मोजके प्रसंग आले. पुढच्याच सिनेमात, ‘डार्क फिनिक्स’मध्ये, तिचं पतन! सायक्लॉप्सचं तिच्यावर प्रेम आहे हे आपण ऐकतो, पण ते दोघं कशावर हसतात, कशावरून भांडतात, काहीच ठाऊक नसतं. स्टॉर्म आणि जीन यांची मैत्री तर कॉमिक्सचा कणा आहे. सिनेमात त्या दोघी एकमेकींशी दोन मनमोकळी वाक्यंही बोलत नाहीत.

कोणी म्हणेल, सिनेमाला तेवढा वेळ कुठे असतो? पण नव्वदच्या दशकातल्या एक्स-मेन कार्टून मालिकेने वेळ काढला. फिनिक्सच्या जन्माला पाच भाग दिले आणि डार्क फिनिक्सला चार. मुलांसाठी बनवलेली, जेमतेम अर्ध्या तासाच्या भागांची मालिका होती ती. माझ्या ओळखीतले बहुतेक चाहते आजही तिलाच या कथेचं सगळ्यात चांगलं रूपांतर मानतात, आणि मीही मानते.

२. प्रसंग उचलला म्हणजे त्यातला जीव उचलला, असं होत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग सांगते. न्यू मेक्सिकोतल्या एका उंच, सपाट माथ्याच्या खडकावर जीन आणि स्कॉट एकटे आहेत. स्कॉटच्या डोळ्यांतून सतत विध्वंसक किरण निघतात, त्यामुळे लाल भिंगाशिवाय त्याला डोळे उघडता येत नाहीत. प्रेम करणाऱ्या बाईनेही त्याचे डोळे कधी पाहिलेले नाहीत. जीन आपल्या मनःशक्तीने ते किरण आतल्या आत थोपवते आणि त्याचा चष्मा काढते. एवढंच घडतं. पण तिची शक्ती किती वाढली आहे याची भीती आणि त्या दोघांची जवळीक, दोन्ही त्या एका कृतीत मावलेली आहेत. वाचताना श्वास रोखला जातो.

‘लास्ट स्टँड’च्या पटकथाकारांना हा प्रसंग नक्की माहीत होता, कारण तो सिनेमात आहे. तळ्याकाठी जीन स्कॉटचा चष्मा काढते, किरण थोपवते, त्याला जवळ घेते. आणि पुढच्या क्षणी स्कॉट संपलेला असतो. त्याचं मरण आपल्याला दाखवतही नाहीत. वुल्व्हरिनला हवेत तरंगणारा त्याचा चष्मा मिळतो, तेवढ्यावर भागवलं आहे. एक्स-मेनचा नायक, जीनचा आयुष्यभराचा सोबती, सिनेमा नीट सुरू होण्याआधीच बाजूला केला जातो. पुढे मोठा अंत्यविधी होतो तो त्यांच्या गुरूचा, झेवियरचा.

मूळ कथेतला सगळ्यात कोवळा क्षण त्यांनी सापळा म्हणून वापरला. तो प्रसंग मुळीच घेतला नसता तर मला कमी वाईट वाटलं असतं.

३. गुन्हा काढून घेतला की शोकांतिका उरत नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर. अंक १३५ मध्ये भुकेलेली डार्क फिनिक्स एक तारा गिळते. त्या ताऱ्याभोवती डी’बारी लोकांचा ग्रह फिरत असतो. वनस्पतींसारखे दिसणारे, शांतपणे जगणारे जीव. पाच अब्ज. ते सगळे मरतात आणि जीनला त्याचं काही वाटत नाही, उलट तिला तृप्ती मिळते. भानावर आल्यावर ती हे ओझं कसं पेलणार, हा खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो.

यामागची हकिकत चाहत्यांना पाठ असते. क्लेअरमॉण्ट आणि बर्न यांचा मूळ बेत जीनला जिवंत ठेवण्याचा होता. परग्रहावरच्या शिआर साम्राज्याने तिची शक्ती कायमची काढून घ्यायची आणि तिने सामान्य बाई म्हणून घरी परतायचं. तशी पानंही चितारून झाली होती. तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी ते अडवलं. अब्जावधींचा जीव घेतलेल्या व्यक्तीला एवढ्यावर सोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मग शेवट बदलला. सप्टेंबर १९८० च्या १३७व्या अंकात, चंद्रावर, स्कॉटच्या डोळ्यांदेखत जीन स्वतःचं आयुष्य संपवते. आधीचा शेवट पुढे १९८४ मध्ये ‘फिनिक्स : द अनटोल्ड स्टोरी’ या नावाने छापला गेला. तो वाचला की शूटर यांचं म्हणणं किती खरं होतं ते पटतं. त्या शेवटात ते पाच अब्ज जीव विसरले जातात.

आता २०१९ चा सिनेमा पाहा. त्यातही डी’बारी आहेत. पण त्यांचा ग्रह फिनिक्स शक्तीने जीनशी गाठ पडण्याआधीच जाळलेला असतो. म्हणजे जीन निर्दोष. आणि वाचलेले डी’बारी? ते रूप बदलून पृथ्वीवर उतरलेले खलनायक आहेत. जेसिका चॅस्टेन त्यांची म्होरकी. ज्यांच्यासाठी आपला जीव तुटायला हवा, त्यांनाच आगगाडीत रांगेने मारायचे शत्रू करून टाकलं. जीनच्या हातून तिची साथीदार मिस्टिक मरते, तेही अनवधानाने. घरातल्या एका माणसाच्या मृत्यूचं दुःख मी कमी लेखत नाही. पण अपघात आणि भुकेने केलेला संहार यांत फार अंतर आहे. नायिका वाईट दिसू नये म्हणून घेतलेल्या या काळजीने कथेचा पायाच खणून काढला. माझ्या लेखी बाकी सगळे दोष यापुढे किरकोळ आहेत.

४. बदलाला चाहत्यांचा विरोध नसतो.

“तुम्हाला सगळं कॉमिक्ससारखं जसंच्या तसं हवं असतं,” हे मी फार वेळा ऐकलं आहे. ‘लोगन’ आठवा. मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅक्निव्हन यांच्या ‘ओल्ड मॅन लोगन’मधून जेम्स मॅनगोल्ड यांनी म्हाताऱ्या, थकलेल्या वुल्व्हरिनची कल्पना घेतली आणि जवळजवळ सगळं कथानक सोडून दिलं. चाहत्यांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला. कार्टून मालिकेने तर डार्क फिनिक्सचा शेवटच बदलला. तिथे साथीदार आपापल्या आयुष्याचा अंश देतात आणि जीन जगते. त्यावर कोणी रागावलं नाही.

५. दोन मोठ्या कथा एका सिनेमात कोंबू नयेत.

‘लास्ट स्टँड’ची लांबी १०४ मिनिटं. त्यात डार्क फिनिक्स आहे आणि जॉस व्हेडन-जॉन कॅसाडे यांच्या २००४ च्या कॉमिक्समधली ‘औषधा’ची कथाही आहे. म्युटंट असणं हा रोग आहे का, त्यावर इलाज हवा का, हा प्रश्न एका पूर्ण सिनेमाचा ऐवज आहे. सिनेमातल्या रोग (Rogue) या म्युटंट मुलीने ते औषध घ्यावं की नाही यावर आम्हा मैत्रिणींचं अजूनही एकमत झालेलं नाही. स्पर्शाला मुकलेल्या मुलीने ते घेतलं तर तिला दोष द्यायचा का? सिनेमाला यावर थांबायला सवड नाही, कारण तिकडे जीन वाट पाहते आहे. आणि जीनकडे वळावं तर ती बराच वेळ खलनायक मॅग्नेटोच्या मागे नुसती उभी आहे. फॅम्के यान्सेनसारख्या अभिनेत्रीला शून्यात बघत उभं राहण्याचं काम दिलं गेलं.

६. शेवटचा निर्णय कोणाचा, हे पाहावं.

कॉमिक्समध्ये जीन स्वतः ठरवते. तिच्यातला फिनिक्स पुन्हा जागा होतो आहे हे तिला कळतं, आणि तो अनावर होण्याआधी ती पाऊल उचलते. एका बाईने स्वतःच्या ताकदीचा आनंद घेतला, तिच्या आहारी गेली, आणि शेवटी जबाबदारीही स्वतःच घेतली. १९८० च्या अमेरिकन कॉमिक्समध्ये हे फार मोठं होतं.

‘लास्ट स्टँड’मध्ये अल्काट्राझ बेटावर जीन वुल्व्हरिनकडे सुटका मागते आणि तो पंजे खुपसून तिला मारतो. कॅमेरा त्याच्या दुःखावर थांबतो. गोष्ट त्याची होऊन जाते. २०१९ च्या सिनेमाने निदान ही चूक टाळली. तिथे जीन शत्रूला घेऊन आकाशात झेपावते आणि ते तिनेच ठरवलेलं असतं. पण लगोलग शेवटच्या दृश्यात आकाशात पंख पसरलेला फिनिक्स दिसतो आणि गमावल्याची जाणीव पुसली जाते.

७. पडद्यामागच्या अडचणी कळल्याने राग निवळतो, निराशा निवळत नाही.

आधीच्या दोन एक्स-मेन सिनेमांचे दिग्दर्शक ब्रायन सिंगर ‘लास्ट स्टँड’ सोडून ‘सुपरमॅन रिटर्न्स’ करायला गेले. त्यांच्या जागी आलेले मॅथ्यू व्हॉन यांनीही माघार घेतली आणि ब्रेट रॅटनर आले. सायक्लॉप्स झालेला जेम्स मार्सडन त्याच काळात सिंगर यांच्या सिनेमातही होता. ‘डार्क फिनिक्स’च्या वेळी फॉक्स कंपनी डिस्नीच्या ताब्यात जात होती, प्रदर्शनाच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, सगळा शेवट नव्याने चित्रित झाला. सायमन किनबर्ग पहिल्या प्रयत्नाचे सहलेखक होते आणि दुसऱ्याचे लेखक-दिग्दर्शक. अपयशाची जबाबदारी त्यांनी जाहीरपणे स्वतःवर घेतली, याचा मला आदर वाटतो. तरीही, ज्यांच्या हाती हीच कथा दुसऱ्यांदा आली त्यांनी तिचा गाभा पुन्हा निसटू द्यावा, हे मला जास्त लागलं.

८. गल्ला आणि समाधान यांचा मेळ लागत नाही.

‘लास्ट स्टँड’ने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले, आधीच्या दोन्ही एक्स-मेन सिनेमांपेक्षा जास्त. तरी २०१४ च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ने काळ उलटवून त्यातल्या घटना पुसल्या आणि जीन व स्कॉट एक्स-मेनच्या हवेलीत जिवंत दिसले, तेव्हा आमच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. ‘डार्क फिनिक्स’ साधारण २५ कोटींवर अडकला.

९. जे चांगलं होतं ते सोडू नये.

‘लास्ट स्टँड’मध्ये केल्सी ग्रॅमरचा बीस्ट. गोल्डन गेट पूल उचलून बेटाकडे वळवणारा इयन मॅकेलनचा मॅग्नेटो. शक्ती गमावलेल्या मिस्टिककडे पाठ फिरवून तो चालू लागतो, तो क्षण तर या मालिकेतल्या सर्वोत्तम क्षणांपैकी आहे. २०१९ मध्ये हान्स झिमर यांचं संगीत, सुरुवातीची अंतराळयानाची सुटका, आगगाडीतली नाइटक्रॉलरची झुंज. सोफी टर्नरने तुटलेल्या मुलीची घुसमट मनापासून दाखवली. नटांवर राग काढणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. टर्नर आणि यान्सेन या दोघींनी मिळालेल्या कागदावरच्या जीनपेक्षा मोठी जीन उभी करण्याचा प्रयत्न केला.

१०. तिसऱ्या वेळेसाठी.

एक्स-मेनचे हक्क आता मार्व्हल स्टुडिओजकडे आहेत. आज ना उद्या कोणीतरी ही कथा पुन्हा हातात घेईल. माझं मागणं एवढंच आहे. पहिल्या सिनेमात जीनला फिनिक्स करू नका. तिला स्कॉटशी भांडू द्या, स्टॉर्मबरोबर बाजारात जाऊ द्या, चुका करू द्या. दुसऱ्यात शक्ती येऊ द्या आणि ती आम्हाला आवडू द्या, तिच्याइतकीच. आणि तिसऱ्यात डी’बारींचा ग्रह दाखवा. तिथली एखादी गल्ली, एखादं घर, कामावरून परतणारं कोणीतरी. मग तारा विझवा, आणि तो तिनेच विझवला आहे यापासून तिला किंवा आम्हाला पळवाट ठेवू नका.