कन्व्हर्टिबल लॅपटॉप घ्यायचा का? दुकानात जाण्याआधीचा हिशोब

"सर, धंदा सुरू करतोय, लॅपटॉप कुठला घेऊ?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक बॅचमध्ये येतोच. हल्ली त्याला एक शेपूट जोडलेलं असतं : "तो स्क्रीन पूर्ण मागे फिरणारा घेऊ का?" व्हिडिओत आपण तो फिरवून बघितला. इथे त्याचा हिशोब मांडूया. वही-पेन घेऊन बसा, कारण काही आकडे तुम्हाला स्वतःचे भरायचे आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करा. मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. मध्यम किमतीचा कन्व्हर्टिबल साधारण ५५ ते ८० हजारांत बसतो. म्हणजे अख्खं शिशु कर्ज घातलं तरी एक लॅपटॉप येत नाही! त्यामुळे हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, भांडवलाचा आहे.

हा प्रकार नेमका काय?

साध्या लॅपटॉपची बिजागरी ठरावीक कोनापर्यंतच उघडते. कन्व्हर्टिबलची ३६० अंश फिरते. स्क्रीन टच असतो. पूर्ण मागे दुमडला की टॅबलेट, उलटा 'व्ही' करून ठेवला की तंबू, कीबोर्ड खाली घालून उभा केला की समोरच्याला दाखवायचा फलक. लेनोव्होने २०१२ मध्ये 'योगा' आणला आणि ही रचना लोकप्रिय झाली. आज एचपीचे 'एक्स३६०', डेलचे 'टू-इन-वन', असूसचे 'फ्लिप', एसरचे 'स्पिन' ही सगळी त्याच कुळातली.

एक गैरसमज इथेच काढून टाका. टॅबलेट झाला म्हणजे तो टॅबलेटसारखा हलका झाला असं नाही. १४ इंची कन्व्हर्टिबल दीड किलोच्या आसपास किंवा जरा जास्तच भरतो. एका हातात धरून पाच मिनिटं उभं राहून बघा, मनगट उत्तर देईल.

पहिला हिशोब : घडीचे पैसे कोण देणार?

समजा, त्याच प्रोसेसरचा, तेवढीच रॅम असलेला साधा लॅपटॉप ५२ हजारांना आहे आणि कन्व्हर्टिबल ६२ हजारांना. (हे आकडे उदाहरणापुरते. तुम्ही दुकानातले खरे भाव लिहा.) फरक १० हजार. लॅपटॉप तीन वर्षं वापरणार धरलं तर ३६ महिने. महिन्याला पडले साधारण २७८ रुपये. "एवढंच ना सर?" थांबा.

हेच १० हजार मालात घातले असते तर? समजा मसाल्याचा धंदा आहे, माल महिन्यातून एकदा फिरतो आणि १५ टक्के सुटतात. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. आता खरी स्पर्धा २७८ शी नाही, १,५०० शी आहे. फिरणाऱ्या स्क्रीनमुळे महिन्याला दीड हजाराचा जादा नफा होणार असेल तरच तो घ्या. नाहीतर साधा घ्या आणि १० हजार मालात फिरवा.

कोणाला फिरतो, कोणाला नुसता दिसतो?

आपल्या फुलपाड्याचंच बघा. विरार पूर्वेला नव्या इमारती उभ्या राहिल्या की मॉड्युलर किचन, फर्निचर, पडद्यांची कामं निघतात. हे काम करणारा माणूस गिऱ्हाइकाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये उभा असतो. तिथे टेबल नाही, खुर्ची नाही. ओट्यावर तंबू करून डिझाइन दाखवलं, पेनाने तिथल्या तिथे "कपाट इकडे सरकवू" म्हणून रेघ मारली आणि कोटेशन दिलं, तर काम हातचं जात नाही. एक ऑर्डर जास्त आली तरी फरक वसूल.

तसंच क्लासवाल्यांचं. गणिताची पायरी स्क्रीनवर हाताने लिहायची आणि तीच टीव्हीवर दाखवायची, तर पेनवाला स्क्रीन फळ्याचं काम करतो. विमा किंवा गुंतवणुकीचं काम करणाऱ्यालाही टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला आकडे दाखवायला तो सोयीचा.

आता दुसरी बाजू. किराणा दुकानाचं बिलिंग, टॅलीची नोंद, ऑनलाइन ऑर्डरची पॅकिंग स्लिप, घरगुती डब्यांचा हिशोब ही कामं बसून, कीबोर्डवर होतात. तिथे स्क्रीन पहिल्या आठवड्यात चार वेळा फिरतो, नंतर कायम सरळच. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या ताईंना रेसिपी बघायला मोबाइल पुरतो, पिठाचे हात ७० हजारांच्या काचेला कशाला लावायचे?

तिसरा मार्गही आहे : साधा लॅपटॉप आणि सोबत एक साधा टॅबलेट. गिऱ्हाइकाकडे नुसता टॅबलेट न्यायचा. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अर्ध्या किलोची वस्तू आणि लॅपटॉपची बॅग यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

दुकानात काय तपासायचं?

पेन ड्राइव्हवर स्वतःची एक्सेल शीट आणि कॅटलॉगची पीडीएफ घेऊन जा. डेमो मशीनवर खालची तपासणी करा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

१. बिजागरी. लॅपटॉप सरळ उघडा आणि स्क्रीनवर बोटाने टकटक करा. स्क्रीन डुलत राहिला तर रोज टच वापरताना वैताग येईल. मग पूर्ण मागे फिरवा. कीबोर्ड आपोआप बंद व्हायला हवा. कोपऱ्याला धरून उघडताना कुरकुर ऐकू येते का, बघा. या यंत्रात सगळ्यात जास्त राबणारा सांधा हाच.

२. स्क्रीन. टचच्या काचेत दुकानाचे दिवे चमकतात, तर दुपारी खिडकीपाशी काय होईल? ब्राइटनेस 'निट्स' मध्ये मोजतात. २५० असेल तर घरापुरता ठीक, बाहेर फिरणाऱ्याने ३०० किंवा जास्त बघावा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. साडी, पडदे, केक यांचे फोटो दाखवणाऱ्यांनी हे नक्की बघा.

३. प्रोसेसर. नाव मोठं म्हणजे चिप नवी, असं नाही. एएमडीचं उदाहरण घ्या : 'रायझन ५ ७५२०यू' आणि 'रायझन ५ ७५३०यू'. एका आकड्याचा फरक वाटतो. पण या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात 'झेन २' ही जुनी रचना आहे, दुसऱ्यात 'झेन ३'. दोघांवर '५' सारखाच छापलेला! पूर्ण नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन तुलना करा.

४. रॅम. अनेक पातळ मॉडेल्समध्ये रॅम मदरबोर्डला पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून विचारा : "रॅमची जागा मोकळी आहे का?" नसेल तर १६ जीबी घ्या. ५१२ जीबी एसएसडी बहुतेकांना पुरते.

५. बॅटरी. "दहा तास चालतो" हे ऐकून सोडून द्या, वॉट-अवरचा आकडा बघा. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि हिशोबाच्या कामाला ८ ते १० वॉट खर्च, म्हणजे ५ ते ६ तास. व्हिडिओ कॉल असेल तर आणखी कमी. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारची वीज गेली होती, ते आठवा. पावसाळ्यात धंदा चालू ठेवायचा तर हा आकडा महत्त्वाचा. सी-टाइप पोर्टवरून चार्ज होतो का तेही विचारा, म्हणजे एकाच चार्जरवर फोनही भागतो.

६. पोर्ट. पातळपणाच्या नादात जुने यूएसबी पोर्ट कमी झालेत. डिजिटल सहीचं टोकन, बारकोड स्कॅनर, प्रिंटर, टीव्हीला एचडीएमआय ही यादी करून मोजा. एकल मालकीच्या धंद्यात जीएसटी रिटर्न ओटीपीवर भरता येतं, पण कंपनी किंवा एलएलपी असेल, सरकारी ई-टेंडर भरायचं असेल, तर टोकन लागतंच. आणि स्क्रीनवर पेनाने केलेली सही म्हणजे ही डिजिटल सही नव्हे, गल्लत करू नका.

७. पेन. "पेन चालतं" आणि "पेन मिळतं" यात फरक आहे. डब्यात आहे की वेगळं विकत घ्यायचं, विचारा आणि दुकानातच लिहून बघा. तळहात टेकल्यावर भलत्या रेघा उमटतात का? मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, त्याला वेगळे पैसे देऊ नका.

सेकंडहँडचा मोह

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुने कन्व्हर्टिबल स्वस्तात दिसतात. लक्षात ठेवा, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० लागतं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार करणार, त्यावर सुरक्षा अपडेट बंद असणं परवडणार नाही. शिवाय जुन्या कन्व्हर्टिबलची बिजागरी किती वेळा फिरली, हे कोणीच सांगणार नाही.

वॉरंटी आणि बिल

"एक वर्ष वॉरंटी" एवढ्यावर थांबू नका. माणूस घरी येणार की मशीन आपण सेंटरला न्यायचं? आपला पिनकोड सांगून विचारा. सेंटर मुंबईत असेल तर दोन खेपा आणि कामाचे दोन दिवस गेलेच. पडल्या-फुटल्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. टच स्क्रीन बदलणं महाग पडतं, म्हणून फिरतीवाल्यांनी त्याचा भाव काढावाच.

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. ७०,८०० च्या बिलात वस्तू ६०,००० आणि कर १०,८००. तुमची नियमित नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर टाकून घ्या, हे १०,८०० क्रेडिट म्हणून मिळू शकतात. कंपोझिशन योजनेत ते मिळत नाहीत. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. म्हणजे ६० हजारांवर २४ हजारांऐवजी १२ हजार. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरणाऱ्यांना हा घसारा वेगळा दाखवता येत नाही. आपल्या सीएंना विचारून मगच खरेदीचा महिना ठरवा.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस एका कागदावर दोन रकाने करा. एकात, "आज मी बसून टाइप केलं" असे प्रसंग लिहा. दुसऱ्यात, "आज समोरच्याला स्क्रीन दाखवावा किंवा त्यावर हाताने लिहावं लागलं" असे प्रसंग, आणि त्यापुढे त्यातून किती रुपयांचं काम आलं किंवा हुकलं तो आकडा. धंदा अजून सुरू नसेल तर त्याच धंद्यातल्या ओळखीच्या माणसासोबत एक दिवस फिरा आणि त्याचे रकाने भरा.

दुसऱ्या रकान्यातला आठवड्याचा नफा चारने गुणा. तो तुमच्या १० हजारांच्या मालातल्या कमाईपेक्षा जास्त भरला तर बिनधास्त कन्व्हर्टिबल घ्या. कमी भरला तर साधा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांचा माल भरा. तुमचे दोन्ही आकडे कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!