जनरल थोरात यांचा अहवाल

नेतृत्वाचा विषय निघाला की आपल्यासमोर बहुतेक रणांगणावरची उदाहरणं ठेवली जातात. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांच्या आयुष्यात तशी उदाहरणं आहेतच. पण मला त्यांचं सगळ्यात अवघड काम कागदावर केलेलं वाटतं.

थोरात कोल्हापूरजवळच्या वडगावचे. जन्म 1906 चा. सँडहर्स्टहून 1926 मध्ये ते अधिकारी झाले आणि 1961 मध्ये निवृत्त झाले. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत त्यांच्या 2/2 पंजाब बटालियनने जपान्यांकडून मेलरोझ नावाची टेकडी जिंकली. त्याच ब्रिगेडमध्ये थिमय्या आणि एल. पी. सेन दुसऱ्या दोन बटालियनचे प्रमुख होते. तिघांनाही डी.एस.ओ. मिळालं.

पुढे 1953 मध्ये ते कोरियात गेले. मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात दिले होते आणि त्या फौजेचं नेतृत्व थोरातांकडे होतं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत पकडून ठेवलं. थोरात शस्त्राशिवाय आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि मेजरला सोडवून आणलं. गोळीबार झाला असता तर किती माणसं मेली असती, याचा विचारच करवत नाही.

आता त्या कागदाकडे येतो. 1959 मध्ये थोरात लखनौला ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. ऑगस्टमध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या संरक्षणाचा अहवाल लिहिला. हाताशी असलेल्या सैन्यानिशी सरहद्दीच्या रेषेवरच चीनला अडवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. तिथवर आपले रस्तेच नव्हते. म्हणून सरहद्दीवर फक्त इशारा देण्यापुरत्या लहान चौक्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे द्यावी. शत्रू आत येईल तसा त्याचा रसदीचा मार्ग लांबेल आणि आपला आखूड होईल.

वर्दीतल्या माणसाला हे लिहिणं सोपं नसणार. ‘एक इंचही मागे हटणार नाही’ म्हटलं की टाळ्या मिळतात. सकाळच्या फॉल-इनला आम्ही संख्या सांगतो, तेव्हा एम.आय. रूममधले चार जण धरून ‘सगळे हजर’ म्हटलं तर ऐकायला छान वाटतं, पण पुढची सगळी विभागणी चुकते. थोरातांनी हजर तेवढेच मोजले.

लष्करप्रमुख तेव्हा तेच थिमय्या होते. त्यांना अहवाल पटला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटला नाही. मार्च 1960 मध्ये थोरातांनी लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेतला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर तोच धोका पुन्हा मांडला. तरीही काही बदललं नाही.

मग त्यांनी राजीनामा का दिला नाही? यावर मी आमच्या सरांशी बराच वाद घातला. थिमय्यांनी 1959 मध्ये राजीनामा देऊन परत घेतला होता, ते उदाहरण सरांनी काढलं. सर म्हणाले, अधिकाऱ्याने खरं ते लेखी द्यावं, निर्णय सरकारचा. मला हे अर्धंच पटतं. निर्णय सरकारचा हे कबूल, पण त्याची किंमत बर्फातल्या जवानाने मोजली. तरी एक मानावं लागेल. लेखी होतं म्हणूनच ते नंतर नाकारता आलं नाही.

मे 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनने हल्ला केला आणि महिनाभरात बोमडिला पडलं. त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावलं आणि त्या अहवालाबद्दल विचारलं. हा मला आधी का दाखवला नाही, असं त्यांनी म्हटल्यावर थोरात म्हणाले, याचं उत्तर मेनन यांनीच द्यायला हवं.