शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास आणि सुरक्षित भूल

बेळगाव, निपाणी भागातून रात्रभर प्रवास करून नियोजित शस्त्रक्रियेसाठी बंगळूरुला येणाऱ्या रुग्णास पहाटेचा दुधाचा चहा क्षुल्लक वाटतो. परंतु भूल देताना तोच घातक ठरू शकतो.

कारण : भुलीच्या अमलाखाली गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. त्यामुळे जठरातील अन्न वा आम्ल फुफ्फुसांत शिरू शकते.

भुलीपूर्वी किमान अंतर :
• तळलेले, तेलकट पदार्थ, मांसाहार – ८ तास
• हलका आहार, दूध, दुधाचा चहा – ६ तास
• स्तनपान – ४ तास
• पाणी, बिनदुधाचा चहा – २ तास

मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य करण्याची जुनी रीत आता सरसकट लागू नाही. मात्र आपल्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ सांगितल्यास तीच पाळावी.

मधुमेहासाठी किंवा वजन घटवण्यासाठी घेतले जाणारे सेमाग्लुटाइड जठर रिकामे होण्यास विलंब लावते. असे औषध चालू असल्यास ते आधीच कळवावे. स्वतःहून बंद करू नये.

शस्त्रक्रियागृहात आपले नाव व शस्त्रक्रियेची जागा पुन्हा विचारली जाते. हा निष्काळजीपणा नव्हे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा तपासणी सूचीचा भाग आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही सूची वापरल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

चुकून काही खाल्ले-प्यायले असल्यास संकोच न करता सांगावे. शस्त्रक्रियेची तारीख पुन्हा मिळते. जीव पुन्हा मिळत नाही.