वाऱ्याने घडविलेली सायकल

सायकल ही आपणा सर्वांच्या इतक्या परिचयाची वस्तू आहे की, तिच्या आकाराकडे आपले सहसा लक्षच जात नाही. दोन सारखी चाके, त्यांना जोडणारा गोल नळ्यांचा सांगाडा, वर सीट व पुढे हँडल, हे तिचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरून गेले. पुढे बराच काळ शर्यतीच्या सायकलीतही त्यात मोठा पालट झाला नाही. म्हणूनच टाइम ट्रायल शर्यतीची आधुनिक सायकल प्रथम पाहणारा मनुष्य क्षणभर थबकतो. तिच्या मागच्या चाकाला तारा नसतात, त्यांच्या जागी एक सलग काळी तबकडी असते. सांगाड्याच्या नळ्या समोरून पाहिल्या तर सुरीच्या पात्यासारख्या अरुंद, बाजूने पाहिल्या तर तळहाताएवढ्या रुंद. हँडलच्या मध्यातून दोन दांड्या पुढे निघालेल्या, व त्यांच्या मुळाशी कोपरे टेकण्यासाठी दोन लहान गाद्या. ही सायकल सुंदर दिसते यात शंका नाही. परंतु शोभेसाठी म्हणून तिच्यात जवळजवळ काहीच केलेले नसते.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी शर्यत. स्पर्धक एकेक मिनिटाच्या किंवा त्याहून अधिक अंतराने एकटेच सुटतात व ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो जिंकतो. इंग्लंडमध्ये एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये अशा शर्यतीचा प्रघात पाडला. रस्त्यावरील झुंडीच्या शर्यतींना पोलिसांचा आक्षेप होता, म्हणून तेथील स्पर्धक भल्या पहाटे, काळे कपडे घालून, जणू शर्यत नाहीच अशा बेताने निघत! फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत हा प्रकार १९३४ मध्ये आला. नेहमीच्या शर्यतीत स्पर्धक एकमेकांच्या पाठीमागे आडोसा घेतात. येथे तशी मुभा नसते. समोरची सारी हवा ज्याची त्यालाच कापावी लागते.

ही हवा किती जड पडते? हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला तर रोध चौपट आणि लागणारी शक्ती आठपट होते. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवलेल्या स्वाराला केवळ हवा बाजूस सारण्यासाठी ढोबळ हिशेबाने ३७५ वॅट शक्ती खर्चावी लागते. कोपरे टेकून, हात पुढे जुळवून, पाठ आडवी केली तर हाच आकडा २८० वॅटच्या आसपास येतो. वाचकांना याची प्रचीती आपल्या साध्या सायकलीवरही घेता येईल. रहदारी नसलेल्या उतारावरून पायडल न मारता एकदा ताठ बसून व एकदा वाकून खाली यावे, आणि प्रत्येक वेळी सायकल कोठवर जाऊन थांबते तेथे खूण करावी.

आता नळ्यांच्या आकाराकडे वळू. गोल नळी हवेत वेगाने पुढे सरकली म्हणजे हवा तिच्या दोन्ही अंगांनी वळते, परंतु पाठीमागे पुन्हा नीट मिळत नाही. तेथे भोवरे उठतात, दाब कमी होतो, व हा कमी दाब नळीला मागे खेचतो. तिच्याच जाडीच्या परंतु थेंबाच्या आकाराच्या छेदाला होणारा रोध याच्या सुमारे एक दशांशावर येऊ शकतो. येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. अशा आकाराची टोकदार बाजू पुढे नसून मागे असते. पुढची बाजू गोलाईदारच असते. माशाचे शरीर पाहिले तरी हेच दिसेल. अलीकडच्या अनेक सायकलींत ही मागची शेपटी मध्येच छाटल्यासारखी दिसते. तो कारागिराचा आळस नव्हे; योग्य जागी छाटली तर हवा शेपटी असल्याप्रमाणेच वाहते, आणि वजन मात्र वाचते.

तबकडीचे चाक याच विचारातून आले. धावत्या चाकाचा सर्वांत वरचा भाग सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तेथील तारा हवा अक्षरशः घुसळून काढतात. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर यांनी जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको शहराच्या विरळ हवेत, तबकडीची चाके लावून, एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर तोडले. बेल्जियमच्या एडी मेर्क्स यांचा तेथेच केलेला १९७२ चा विक्रम ४९.४३१ किलोमीटरचा होता. रस्त्यावर पुढच्या चाकाला मात्र बहुधा तबकडी लावीत नाहीत, कारण आडवा वारा तिला धरून हँडलच फिरवू पाहतो.

तथापि सायकल कितीही निमुळती केली तरी एकूण रोधाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्वाराच्या शरीराचा असतो. २३ जुलै १९८९ रोजी हे सर्व जगाने पाहिले. तूर द फ्रान्सचा अखेरचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत, २४.५ किलोमीटरचा, टाइम ट्रायलचा होता. फ्रान्सचे लोराँ फिन्याँ अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांच्या ५० सेकंद पुढे होते. फिन्याँ यांच्या सायकलीची दोन्ही चाके तबकडीची होती, म्हणजे यंत्रात ते मागे नव्हते. परंतु त्यांचे हात रुंद हँडलवर होते, डोके उघडे होते व केसांची शेपटी वाऱ्यावर उडत होती. लेमाँड यांनी लांबट शिरस्त्राण घातले होते व पुढे काढलेल्या दांड्यांवर कोपरे टेकली होती. लेमाँड यांना २६ मिनिटे ५७ सेकंद लागली. फिन्याँ यांना त्याहून ५८ सेकंद अधिक. तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी सुटली. सारे श्रेय त्या दांड्यांना देणे न्यायाचे होणार नाही. फिन्याँ यांना सीटच्या घर्षणाने झालेल्या जखमेचा त्रासही होत होता. पण ८ सेकंद हे अंतरच असे आहे की, त्यात केसांचाही हिशेब करावा लागतो.

यानंतरची काही वर्षे ह्या यंत्राच्या इतिहासात सर्वांत रसाळ आहेत. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये इंग्लंडचे ख्रिस बोर्डमन माइक बरोज यांच्या कल्पनेतून आलेल्या सायकलीवर जिंकले. तिला नळ्याच नव्हत्या. कार्बन तंतूंचे एकसंध, पंखासारखे अंग होते. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचे ग्रॅहम ओब्री यांनी स्वतः बनविलेल्या सायकलीवर, जिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसविले होते, हात छातीखाली दुमडून तासाभरात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले. तो विक्रम सहाच दिवसांत बोर्डमन यांनी मोडला, आणि १९९४ मध्ये ओब्री यांनी परत मिळविला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ओब्री यांच्या बैठकीवर बंदी घातली. त्यांनी मग हात सरळ पुढे ताणण्याची नवी रीत काढली. कालांतराने तीही गेली. सायकलीपेक्षा माणूस महत्त्वाचा राहावा, असे महासंघाचे म्हणणे होते, व २००० पासूनच्या नियमांनी सांगाडा पुन्हा त्रिकोणी चौकटीत आणला. त्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मोडीतल्या भागांतून सायकल जुळविणाऱ्या माणसालाच यंत्राचा वरचष्मा म्हणून अडवावे, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

हात पुढे ताणलेल्या त्या बैठकीत बोर्डमन यांनी १९९६ मध्ये गाठलेले ५६.३७५ किलोमीटर हे अंतर नियम बदलल्यावर वेगळ्या यादीत टाकले गेले. ते ओलांडले इटलीच्या फिलिप्पो गान्ना यांनी, २६ वर्षांनंतर, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रेंखेन येथे, संमत बैठकीत: ५६.७९२ किलोमीटर. त्यांच्या सायकलीचा सांगाडा धातूच्या भुकटीचे थरावर थर वितळवून घडविलेला होता. त्याची सीटखालची नळी गुळगुळीत नव्हती. कुबड्या देवमाशाच्या परावर असतात तशा उंचवट्यांच्या कडा तिच्यावर मुद्दाम काढल्या होत्या, कारण दोन फिरत्या पायांमधल्या हवेला तोच आकार मानवला.