चूल बसवण्याआधी छपराकडे पाहा



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बिनधुराच्या चुलीसाठी देणगी देताना मंडळीतले बंधू-भगिनी बहुधा एकच प्रश्न विचारतात: एका चुलीला खर्च किती? प्रश्न योग्यच आहे. पण आधी घर कसले आहे ते विचारायला हवे. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप, वर पेंढा किंवा कौले. अशा घरात चुलीचे अवघड काम जमिनीवर नसते, छपरात असते.

ही चूल नवी नाही. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांची बिनधुराच्या स्वयंपाकघरांवरची पुस्तिका १९५३ साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापली होती. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. पुष्कळशा काही वर्षांतच मोडल्या किंवा अडगळीत गेल्या. नळी काजळीने तुंबली, दुरुस्तीला कोणी फिरकले नाही, आणि घरातल्या बाईने पुन्हा तीन दगड मांडले. तिला दोष देता येत नाही.

चुलीचे तत्त्व साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते आणि चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढून घेते. ही ओढ टिकली तर धूर घरात येत नाही. मागच्या वैलावर भांडे नसेल तर ते झाकलेच पाहिजे, नाहीतर धूर तिथूनच बाहेर पडतो. जाड ओंडके मावावेत म्हणून पुढचे तोंड फोडून मोठे केले, तरी ओढ बिघडते. म्हणून लाकूड बारीक फोडलेले आणि वाळलेले हवे. ओल्या लाकडाच्या धुराने नळीत चिकट काजळी धरते, आणि तीच पुढे पेट घेते.

आता जागा. चूल कुडाला टेकवून कधीही बसवू नये. मध्ये विटा-मातीची आडभिंत घालून मागे चार बोटे फट ठेवावी. पत्र्याची नळी कुड, वासे आणि पेंढा यांपासून निदान दीड फूट दूर हवी. नळी जिथून बाहेर जाते तिथला पेंढा तेवढ्याच अंतरापर्यंत चारही बाजूंनी काढून पत्रा बसवावा. नळीचे तोंड आढ्याच्या वर दोन फूट तरी जावे, आणि पावसासाठी वर टोपी असावी. इतके करूनही पेंढ्यावर ठिणगी पडण्याची भीती उरतेच. माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण पेंढ्याचे छप्पर असेल तर आधी चुलीवरच्या भागात कौले किंवा पत्रे घालावेत, मगच नळी.

आणखी एक गोष्ट आपण शहरातली माणसे विसरतो. धूर नुसता त्रास देत नाही. त्याने छपराचा बांबू किडीपासून राहतो, चुलीवर टांगलेले बियाणे टिकते. धूर बंद झाल्यावर बांबूला भुंगा लागला तर नळी काढून टाकली जाणारच. तेव्हा चूल बसवण्याआधी घरातल्या आजीशी बसून बोलावे, बियाणे कुठे ठेवायचे ते तिलाच विचारावे.

एवढा खटाटोप कशासाठी? घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक बालके होती. निखाऱ्यांचा विषारी वायू तर दिसत नाही, त्याला वासही नसतो. थंडीत ऊब राहावी म्हणून नळीत बोळा कोंबू नये, हे घरोघरी सांगायलाच हवे.

माती पूर्ण वाळल्यावर पहिला जाळ लहानच करावा. दोन्ही वैलांवर भांडी ठेवून धूर नळीतूनच जातो का, ते घरातल्या बाईसमोर पाहावे. काठीला काथ्या बांधून दर पंधरवड्याला नळी साफ करायची, हेही तेव्हाच करून दाखवावे. आणि चुलीच्या देणगीत नळीच्या एका जादा तुकड्याचा व पावसाळ्यानंतरच्या एका फेरीचा खर्च आधीच धरावा. चुली किती बसल्या, त्याची मोजणी त्या फेरीत करावी.